मधला फोटो

डॉक्टर तेंडोलकरांच्या भिंतीवर फोटोंच्या दोन रांगा आहेत:
आधी, आणि नंतर.
मी कुठल्याच रांगेत नाही.

एकोणिसाव्या वर्षी उठलेल्या पुळ्या
जाताना खड्डे ठेवून गेल्या,
ओहोटीला कुर्ल्यांची बिळं उघडी पडतात तसे.
बावीस वर्षं त्यांच्यावर पावडर लिंपली,
मग भिशी लागली,
आणि दिवाळीआधी कुडाळला जाऊन
चेहरा मशीनखाली धरला.
जळक्या केसांचा वास आला. माझाच.

पाच दिवस लाल, मग खपली,
आणि चौथ्या आठवड्यात गालांवर काजळी.
चौकोनी,
मशीनचं तोंड जिथं जिथं टेकलं होतं तिथं तिथं,
तव्याच्या बुडासारखी.

डॉक्टर म्हणाले, तुमची त्वचा पाचव्या प्रकारची, सहापैकी.
ती भाजली की घाबरते, घाबरली की रंग ओतते.
म्हणाले, जाईल. आठ महिने धरा, वर्ष धरा.
म्हणाले, पॉवर अंमळ कमी ठेवायला हवी होती,
हे मात्र खिडकीकडे बघून.
मशीनबरोबर आलेल्या पुस्तकातले गाल
सगळे सोललेल्या ताडगोळ्यांसारखे होते.

वेंगुर्ल्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत
चेहरा घेऊनच बसावं लागतं.
सावंतवाडी किती वाजता, असं विचारत
माणसं माझ्या गालांवर वेळापत्रक वाचायची.
परबीण म्हणाली, "ह्यां काय गो करून घेतलंस?"
कुणी लिंबू सांगितलं, कुणी तुरटी,
एकाने हळूच विचारलं, नवरा पितो का?
मी साहेबांकडून भोंगा मागून घेतला.
कणकवली, फलाट दोन.
आवाजाला मलम लावावं लागत नाही.

समुद्राकाठी ऊन एका बाजूने येत नाही.
वरून येतं, वाळूवरून येतं, पाण्यावरून,
सुकत घातलेल्या बांगड्यांच्या पाठीवरून येतं.
दर दोन तासांनी ट्यूब, वर ओढणी, वर छत्री.
ऐन पौषात छत्री उघडून चालणारी बाई
बंदरावर सगळ्यांना पाठ झाली.

आईने तीस वर्षं कारखान्यात काजू फोडले.
तिने माझी हनुवटी दाराकडे वळवली
आणि आपली बोटं माझ्या गालाला लावून धरली,
रंग जुळवून बघावा तशी.
"चीक लागलो काय कातडां काळां पडतां.
मगे आपसूक सुटतां. ओढूक जाव नको."
तिला लेझर ठाऊक नाही.
डॉक्टरांनी नऊशे रुपयांत सांगितलं
ते एवढंच होतं.

मग कधीतरी चौकोनाची एक बाजू पुसट झाली,
मग कोपरे.
मी रोज बघणं सोडलं तेव्हा वेग आला,
किंवा तसं वाटलं.
शिमग्याला सुकल्या कोकमाचा रंग होता,
नारळी पौर्णिमेला चिकूच्या सालीचा,
आणि माझा स्वतःचा
त्याच्या शेजारच्याच घरात राहतो.
खड्डे निम्मे भरले.
जबड्याच्या कडेला नखाएवढा एक तुकडा अजून आहे.
त्याला गाडी पकडायची नाही.

डॉक्टरांनी नंतरचा फोटो काढला, खूश झाले.
मी म्हटलं, मधला पण लावा, डिसेंबरचा.
"पेशंट पळतील हो."
पळू देत. नाहीतर थांबून विचारू देत.
त्यांनी फोन बराच वेळ चाळला.
भिंतीवर अजून काही आलेलं नाही.

आज शिरोड्याची एक मुलगी खिडकीशी आली,
गालांवर माझी जुनी बिळं,
मनगट माझ्याच रंगाचं, मुठीत चिठ्ठी.
कुडाळ गाडी किती वाजता?
सव्वातीन, मी म्हटलं. आणि हे बघ,
त्यांना सांग, आधी कानामागे, शेंगदाण्याएवढं,
मग महिनाभर काही करायचं नाही.
मागे रांग वाढली. परबीण खाकरली.
मी पर्समधून फोन काढला
आणि खिडकीच्या गजांतून
तिला डिसेंबर दाखवला.